दादाचं टायपिंग

आमच्या घरात दादाचा रिझल्ट रोज लागायचा. सकाळचा चहा पिता पिता तो विचारायचा, "आई, बी.कॉम.चा रिझल्ट कधी आहे गं? पेपरात काही आलंय का?" आणि आई स्टोव्हसमोरून मान न वळवता सांगायची, "रिझल्ट लागलो रे. पास झालंस. फर्स्ट क्लास." दादाचा चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला वाटावं, या घराएवढं भाग्यवान घर आज गिरगावात दुसरं नसेल. कप खाली ठेवून तो बाबांच्या पाया पडायचा, मग आईच्या, मग माझी वेणी ओढून म्हणायचा, "बघ शुभे, म्हटलं नव्हतं?" सुरुवातीला आईने खरोखर शिरा केला होता. दुसऱ्या दिवशीही केला, कारण त्याचा आनंद बघून तिला राहवलं नाही. पुढे शिऱ्याच्या जागी तळहातावर चिमूटभर साखर आली, मग नुसते शब्द उरले, आणि काही महिन्यांनी त्या शब्दांतही घाई आली. दादाचा आनंद मात्र दर सकाळी कोरा करकरीत असायचा. विटलो आम्ही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, विनायक. शेवटचा पेपर देऊन आला आणि त्याच आठवड्यात तापाने पडला. आधी साधा ताप, मग बडबड, मग झटके. परळच्या हॉस्पिटलात तो कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हता. मेंदूला सूज आहे, एवढंच आम्हाला कळलेलं. डोळे उघडले तेव्हा वाटलं, सुटलो. त्याने सगळ्यांना ओळखलं. वाडीतल्या प्रत्येकाचं नाव, वेंगुर्ल्याला आजोळच्या रहाटाची कुरकुर, शाळेतल्या मास्तरांच्या नकला, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तापानंतरचं काही त्याच्यात टिकत नव्हतं. माझ्याशी तो हसून बोलायचा; मी मोरीत पाय धुऊन परत आले की विचारायचा, "अगं, तू कधी आलीस?" हॉस्पिटलातून सोडताना मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "जुनं शाबूत आहे. पण आता नवीन काही याच्या लक्षात राहणार नाही. त्याला प्रेमाने सांभाळा." बाबा बंदराच्या कचेरीत हेडक्लार्क होते, वरिष्ठांचा शब्द शब्दशः पाळायची त्यांना सवय. नवीन काही राहणार नाही म्हणजे नाही. आम्हीही ते तसंच धरलं. डॉक्टर काही चुकीचं बोलले नव्हते, हे मला आता कळतं. त्यांचं वाक्य अर्धं होतं, एवढंच.

आम्ही फणसवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी, आणि गॅलरीतून दिसणारं समोरच्या चाळीचं गॅलरीभर वाळत घातलेलं आयुष्य. खाली एक पुस्तकं बांधणारा होता, त्याच्या कात्रीच्या यंत्राचा धप्प असा आवाज दिवसभर यायचा. दुपारी तो आवाज थांबला की समजायचं, जेवणं झाली. आईचं जेवण अखेरपर्यंत वेंगुर्ल्याचंच राहिलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, गरम भात, वाटीभर सोलकढी. दादाला तिखलं इतकं आवडायचं की ते असेल त्या दिवशी तो दोनदा जेवायचा, कारण पहिलं जेवण त्याच्या लेखी झालेलंच नसायचं. आईची सवय अशी की कुणीही समोर आलं की विचारणार, "जेवलंस काय रे झिला?" आजारपणानंतरही ती दादाला हे विचारून बसायची. दादा गोंधळून तिच्याकडे बघायचा, पोटावर हात ठेवून अंदाज घ्यायचा, आणि आमच्याकडे बघत म्हणायचा, "जेवलो का गं मी?" आई पदर तोंडाशी नेऊन आत वळायची. तरी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न तिच्या तोंडून निसटायचाच.

एके दुपारी आईचा डोळा लागला आणि दादा घरातून निघून गेला. कॉलेजात रिझल्ट बघायला म्हणून निघाला असणार. वाटेत कुठे निघालोय तेच विसरला, आणि संध्याकाळी बाबांच्या एका ओळखीच्यांना चौपाटीवर वाळूत बसलेला सापडला. घाबरलेला नव्हता. म्हणाला, "जरा फिरायला आलोय." त्या दिवसापासून त्याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन ठाकूरद्वारच्या बाजूला एका टायपिंग क्लासला जात होते. दुपारची बॅच. आई म्हणाली, "घेऊन जा गो बाय त्याका. तेवढी घटकाभर माझी पाठ टेकात."

क्लास डिमेलो सरांचा. गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं त्यांचं लाकडी घर, खालच्या मोठ्या खोलीत भिंतीला लागून ओळीने मशिनी, मधल्या खांबावर वेळेचं घड्याळ आणि येशूची तसबीर. सरांच्या सगळ्या पिढ्या इथल्याच, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, फक्त मधूनच चर्चच्या आवारातली इंग्रजी मिसळलेली. पांढरा हाफ शर्ट, दोऱ्याने गळ्यात अडकवलेला खोडरबर, आणि हसले की खालचा एक दात सोन्याचा. त्या खोलीत पाय ठेवला की कानांना दुसरं काही ऐकू यायचं नाही. मशिनींचा खडखडाट, ओळ संपली की घंटीचं टिंग, आणि डाव्या हाताने दांडा ढकलून गाडी परत आणल्याची खर्र. घरी गेल्यावरही माझ्या कानात तेच चालू असायचं, भाताच्या शितांतही मला अक्षरं दिसायची.

पहिल्या दिवशी दादा दाराजवळच्या बाकावर बसला. सर त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. मी हळू आवाजात त्याची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दादाला म्हणाले, "अरे मॅन, बसून काय करतो? कोपऱ्यातली मशीन खाली हाय. ये, बोटं कशी ठेवायची दाखवतो."

"मला टायपिंग येत नाही, सर," दादा म्हणाला.

"मला पण येत नव्हतं. ये तर."

त्या दिवशी दादाने बाकी सगळे करतात तसा पहिला धडा केला. मधल्या ओळीवर चार बोटं इकडे, चार तिकडे, नजर कागदावर, बोटांकडे बघायचं नाही. त्याच्या बोटांखालची अक्षरं एकमेकांत अडकत होती, तो हसत होता. दुसऱ्या दिवशी दारातून आत येताच त्याने सरांना हात जोडले. "नमस्कार. मी विनायक. शुभाचा भाऊ." सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि जराही न चाचरता हात पुढे केला. "मी डिमेलो. ग्लॅड टु मीट यू." पुढचे सगळे महिने दोघांची रोज नव्याने ओळख झाली. सरांना त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही. रोज तोच पहिला धडा, रोज तेच "बोटं इथे ठेव, खाली बघू नको." बॅचमधल्या मुली एकमेकींना खुणा करायच्या. मलाही वाटायचं, सर उगाच श्रम घेताहेत. भोक पडलेल्या घड्यात पाणी ओतल्यासारखं ते मला दिसत होतं.

किती आठवडे गेले ते आठवत नाही. एक दुपार मात्र स्वच्छ आठवते. माझ्या मशीनची दांडी अडकली होती, मी ती सोडवत होते, तेव्हा सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शुभा, हात थांबव. ऐक."

"काय सर?"

"कोपऱ्यात ऐक."

मी ऐकलं. आमच्या सगळ्यांच्या मशिनी अडखळत, थांबत, धावत वाजत होत्या. कोपऱ्यातून एकसारखा आवाज येत होता, कुठे खंड नाही की घाई नाही. टिंग, खर्र, आणि पुन्हा तोच सारखा आवाज. दादाची नजर बाजूच्या कागदावर होती, पाठ ताठ, आणि बोटं आपली आपण चालली होती. सरांनी त्या दिवशी त्याला धडा समजावला नव्हता. दुसऱ्या कुणाशी बोलायच्या नादात ते विसरले होते. फक्त मशीनला कागद लावून समोर एक छापील पान ठेवलं होतं आणि म्हणाले होते, "हे जरा उतरवून काढ."

मी धावत जाऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा! तुला टायपिंग येतं!"

त्याची बोटं थांबली. त्याने मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला? नाही गं. मी कधी मशीनला हात लावलेला नाही." आणि मी म्हटलं म्हणून पुन्हा प्रयत्न करायला गेला, तर एका बोटाने अक्षरं शोधू लागला. ए कुठे, एस कुठे. जणू दुसराच कुणीतरी तिथे येऊन बसला होता.

सरांनी मला बाजूला घेतलं. ते चक्रावले होते, पण त्यांना एक गोष्ट दिसली होती. "बघ बाय, तू त्याला विचारलं की तो डोक्यात जाऊन शोधतो. डोक्यात काय हाय? काय नाय. म्हणून त्याला विचारायचं नाय. फक्त कागद लावायचा आणि काम द्यायचं." त्या दिवसापासून तसंच चाललं. आम्ही नमस्कार झाल्यावर त्याला काही सांगत नव्हतो, विचारत नव्हतो. कागद, छापील पान, "जरा उतरवून काढशील?" दादा मुळातच कुणाला नाही न म्हणणारा. बसायचा आणि सुरू व्हायचा. दिवाळी येईपर्यंत तो बॅचमध्ये सगळ्यांत पुढे गेला होता, माझ्यापेक्षाही, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

घरी सांगितलं तेव्हा आईने देवापुढे नारळ ठेवला. बाबांना पटेना. ते म्हणाले, "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, शुभा. उगीच तुझ्या आईला आशा लावू नकोस." पण एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीनंतर, ते परस्पर क्लासच्या दारात येऊन उभे राहिले. लगेच आत आले नाहीत. छत्री हातात धरून उंबऱ्याबाहेरच थांबले, डोळे मिटून. जन्मभर टायपिस्टांच्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. न बघता त्यांना कळलं असणार की हा आवाज कुठल्या प्रतीचा आहे. मग आत येऊन त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. परत येताना त्यांनी कोपऱ्यावरून गरम जिलबी घेतली. दादाने विचारलं, "कशाबद्दल, बाबा?" बाबा म्हणाले, "तुझ्या रिझल्टबद्दल." दादा भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला. त्या दिवसाइतके हसरे बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि पुढेही नाही.

तिथून बाबांच्या मनात एक विचार घर करून बसला, आणि तो चुकीचा नव्हता, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. फोर्टात एका सॉलिसिटर पेढीत नकला उतरवायला टायपिस्ट हवा होता. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, कागदावर आहे तसं दुसऱ्या कागदावर उतरवायचं. कालचं आठवायला नको, उद्याचं लक्षात ठेवायला नको. दादासाठीच जणू ते काम कुणी बेतलं होतं. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे होते, त्यांनी मोठ्या साहेबांशी भेट ठरवली. डिमेलो सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी बरोबर येतो. मी मशीनला कागद लावतो, साहेबांना बोलायला देत नाही." पण भेटीच्या आदल्या दिवशी वसईहून त्यांच्या बहिणीच्या मृत्यूची खबर आली आणि सर तिकडे गेले. भेट पुढे ढकला म्हणायला बाबांची जीभ रेटली नाही. अशी संधी परत येत नाही, असं त्यांना वाटलं. दादा माझ्याबरोबर शांत असतो म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं.

बसमध्ये मी म्हटलं, "बाबा, त्यांना आधीच सांगा, त्याला काही विचारू नका म्हणून."

"नोकरी मागायला जाऊन साहेबाला सांगू, विचारू नका?" बाबा म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "सांगतो. बघतो कसं जमतंय ते."

दादा खिडकीशी बसून बाहेर बघत होता. आईने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. देखणा दिसत होता. मधूनच तो विचारायचा, "कुठे चाललोय आपण?" आणि मी सांगायचे, "फोर्टात. बाबांचं काम आहे."

साहेबांच्या खोलीला अर्ध्या उंचीची झुलती दारं होती. मी बाहेर बाकावर बसले होते. आतलं सगळं ऐकू येत होतं, दाराखालून बाबांच्या वहाणा आणि दादाचे पॉलिश केलेले बूट दिसत होते. बाबांनी सुरुवात चांगली केली. आजारपणाचं सांगितलं, जरा विसराळू झालाय म्हणाले, पण नकला उतरवण्यात त्याचा हात धरणारा मिळणार नाही. साहेब सज्जन होते, आवाजातच कळत होतं. त्यांनी दादाला आपुलकीने विचारलं, कुठलाही साहेब विचारेल तेच.

"मग काय विनायकराव, टायपिंग किती दिवसांपासून करताय?"

"टायपिंग?" दादाचा आवाज. "मला टायपिंग येत नाही, सर."

बाबांच्या वहाणा अर्धं पाऊल पुढे सरकल्या.

"अरे विनू, येतं तुला," बाबा म्हणाले. "क्लासला जातोस ना."

"नाही, बाबा. मी कुठल्या क्लासला जात नाही." दादा गोंधळला होता, पण अजून हसत होता. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. शुभा जाते."

साहेब म्हणाले, "असू दे, असू दे. मशीन समोरच आहे. बसा, दोन ओळी करून दाखवा."

मी उठले. झुलतं दार ढकलून आत डोकावले. दादा मशीनसमोर बसला होता आणि उजव्या हाताची तर्जनी वर धरून अक्षरं शोधत होता. मी म्हटलं, "सर, त्याला फक्त कागद द्या हो. उतरवून काढ म्हणा. विचारू नका." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मुली, तू बाहेर बस बरं." आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझे पाय आपोआप मागे आले. दादाने एक अक्षर दाबलं, मग बऱ्याच वेळाने दुसरं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. साहेब उठून त्याच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले, "ठीक आहे. शिकून घ्या, मग या. घाई नाही."

आम्ही जिना उतरलो. खाली फूटपाथवर आल्यावर दादा थांबला. बाबांपुढे उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायला नको होतं. आज ना उद्या रिझल्ट लागेल. मला चांगली नोकरी मिळेल. तुम्ही कुणाच्या दारात असं उभं राहू नका."

बाबांनी मान हलवली. दुसरं काय करणार? कचेरीत जन्मात कधी एक आकडा इकडचा तिकडे न केलेला माणूस. बस येईपर्यंत दादा ते सगळं विसरला. रांगेत उभा राहून त्याने मला विचारलं, "कुठे चाललोय आपण?" आणि मी म्हटलं, "घरी."

विसरला, असं मी लिहिते, पण ते तितकंसं खरं नाही. वसईहून सर परत आले, क्लास उघडला, मी दादाला घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत तो नेहमीसारखा गप्पा मारत आला. दारातून मशिनींचा आवाज ऐकू आला तसा तो जागीच उभा राहिला.

"काय झालं, दादा?"

"काही नाही. इथे नको."

"का?"

"माहीत नाही गं. नको वाटतं." आणि लहान मुलासारखा मागे मागे सरकू लागला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. फोर्टातली खोली, साहेब, बाबांचा पडलेला चेहरा, यातलं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण त्या दुपारची लाज कुठेतरी अंगात जाऊन बसली होती, बोटांत टायपिंग बसलं होतं तशीच. सर आपल्या हाताने एक मशीन उचलून तिसऱ्या मजल्यावर घेऊन आले, धापा टाकत. "इथे करू दे त्याला," म्हणाले. "थोडे दिवस थांबू. मग कागद लावू."

बाबांनी त्यांना खुर्ची दिली, आईने चहा दिला. मग बाबा म्हणाले, "सर, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. पण पुरे आता. त्याला मी चारचौघांत उघडं पाडलं. परत नाही."

"तो विसरला, मिस्टर. तुम्ही पण विसरा," सर म्हणाले.

बाबा म्हणाले, "मला विसरायचा आजार नाही ना, सर."

सर मशीन घेऊन परत गेले. जिन्यावर मी त्यांना एका बाजूने हात दिला. दोघांनी मिळून ती खाली नेली, आणि ते संपलं.

पुढचं लिहिण्यासारखं फार नाही. मी परीक्षा दिली, एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. माझं टायपिंग बरं होतं. दादासारखा तो एकसारखा आवाज माझ्या मशीनमधून कधी निघाला नाही. दुपारी बाकीच्या बायका गप्पांत असल्या की मी माझाच आवाज ऐकत बसायचे आणि मला ते कळायचं. लग्न होऊन मी परळला आले. बाबा गेले, मग काही वर्षांनी आई गेली, आणि दादा आमच्याकडे राहायला आला. माझ्या नवऱ्याने एका शब्दानेही नाराजी दाखवली नाही, आणि दादा रोज सकाळी त्यांची नव्याने ओळख करून घ्यायचा. डिमेलो सरांचं घर कधीच पाडलं गेलं होतं. ते शेवटी कुठे होते ते मला कळलं नाही, आणि मी पुरेसा शोधही घेतला नाही.

माझ्या मुलीला, मीराला, कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला ते वर्ष. एका रविवारी मी आत कुळथाची पिठी ढवळत होते, मीरा बाहेर प्रोजेक्ट करत बसली होती. तिला अंघोळीला जायचं होतं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्यासाठी मामा हा घरातला एक प्रेमळ, रिकामा माणूस. ती सहज म्हणाली, "मामा, एवढं पान जरा उतरवून दे ना." आणि मला आतून आवाज आला. कॉम्प्युटरच्या बटणांचा आवाज मऊ असतो, तरी मी ओळखला. आधी दोनचार ठिकाणी अडखळला, मग सुरळीत, मग एकसारखा. मी हातातली पळी तशीच घेऊन दारात गेले. केस पांढरे झालेला माझा भाऊ पाठ ताठ करून बसला होता, नजर पानावर. ओळ पडद्याच्या काठाशी आली की त्याचा डावा हात आपोआप वर उठायचा, हवेतच एक नसलेला दांडा उजवीकडे ढकलायचा आणि परत बटणांवर यायचा. मी एक शब्दही बोलले नाही. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर दादा जाईपर्यंत आमच्या घरी तो टायपिंग करत होता. मीराचे प्रोजेक्ट, सोसायटीच्या नोटिसा, शेजारच्या वकिलांची कागदपत्रं. त्याला कुणी विचारायचं नाही, एवढा नियम मी सगळ्यांना घालून दिला होता. ती काही वर्षं त्याला मिळाली. त्याच्या आधीची सगळी वर्षं तो गॅलरीत उभा होता.

मीरा आता परळलाच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, पक्षाघाताच्या माणसांना पुन्हा चमचा धरायला शिकवते. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिने मला समजावून सांगितलं. काल काय झालं, कुणाला भेटलो, हे मेंदू एका जागी ठेवतो. मामाची ती जागा तापात गेली होती. सायकल कशी चालवायची, बोट कुठे पडायला हवं, हे तो दुसरीकडे ठेवतो, लहान मेंदूत आणि आत खोल आणखी काही ठिकाणी, आणि ते सरावाने हळूहळू बसतं, माणसाला शिकल्याचं आठवत नसलं तरी बसतं. "मामा खरंच सांगत होता, त्याला येत नव्हतं," ती म्हणाली. "आणि आजोबाही खरंच सांगत होते." डॉक्टरी शिकलेल्या माणसांना ही साधी गोष्ट असेल. मी तिच्यासमोर बसून रडले, तिला वाटलं मामाच्या आठवणीने.

मला बाबा आठवत होते. परळच्याच हॉस्पिटलात, त्यांच्या शेवटच्या दिवसांत, आई दादाला घेऊन खाली चहाला गेली होती. बाबा छताकडे बघत होते. अचानक म्हणाले, "शुभे, त्या साहेबांना मी खोटं सांगितलं गं."

कुठल्या साहेबांना, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही खोटं नव्हता बोललात. त्याला येत होतं. तुम्ही स्वतः दारात उभं राहून ऐकलं होतंत."

"ऐकलं होतं," ते म्हणाले. "पण मुलगाच म्हणाला, येत नाही. मग त्यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरं, एवढं म्हणायला जे कळावं लागतं ते तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. मी नुसतं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "खोटं नव्हतं, बाबा. खोटं नव्हतं." बाबांनी माझा हात हातात घेतला, लहान मुलाची समजूत काढताना थोपटतात तसा हळूहळू थोपटला, आणि भिंतीकडे तोंड करून कूस बदलली.